त्वचेचा रंग, पोटाची भूक आणि शरीरातील निरोपे

माणसाच्या अंगाचा रंग आणि त्याची भूक यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, अशी शंकाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. रंग ही कातडीची बाब आणि भूक ही पोटाची, अशी आपण मनाशी वाटणी करून टाकलेली असते. या दोहोंविषयी समाजाचे मत मात्र ठाम असते. वर्गातील एखादे मूल इतरांपेक्षा बरेच स्थूल असले, की "घरी लाड फार, दिवसभर तोंड चालू असते," असा शेरा मारला जातो. आणि त्याच मुलाच्या मानेवर काळसर पट्टा दिसला, की "अंघोळ करताना मान नीट घासत जा," अशी ताकीद दिली जाते. पहिल्या शेऱ्यात मुलाच्या स्वभावाला दोष दिलेला असतो, दुसऱ्यात त्याच्या स्वच्छतेला.

शरीरविज्ञानाने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे शोधून काढले आहे, ते या दोन्ही शेऱ्यांचा फेरविचार करावयास लावणारे आहे. त्वचेला रंग चढविणारा रासायनिक निरोप आणि "आता पुरे" असे मेंदूला सांगणारा निरोप हे एकाच घराण्यातील आहेत, असे दिसून आले आहे. हा निरोप कसा तयार होतो, तो कोठे पोहोचतो आणि वाटेत अडला म्हणजे काय होते, हे समजून घेणे शिक्षकांना, आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि पंचायत सदस्यांना उपयुक्त ठरेल.

एका ताग्यातून अनेक कपडे

शरीरातील पेशी एकमेकींशी रसायनांच्या द्वारे बोलतात. या रसायनांपैकी एक मोठा वर्ग पेप्टाइडांचा आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहानशी माळ होय. अशीच माळ फार लांब झाली, की तिला प्रथिन म्हणतात. एक पेशी असे पेप्टाइड बाहेर सोडते. ते रक्तातून दूरवर जाते किंवा शेजारच्या पेशीपर्यंत पाझरते आणि तेथे पेशीच्या पृष्ठभागावरील ठरावीक प्रथिनात जाऊन बसते. निरोप स्वीकारणाऱ्या या प्रथिनास ग्राही असे म्हणतात. पेप्टाइड ही किल्ली आणि ग्राही हे कुलूप, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. किल्ली एकच असली, तरी कुलूप कोणत्या दाराला लावलेले आहे, यावर आत काय उघडणार हे अवलंबून असते. पुढील सर्व विवेचनात ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पोषग्रंथी, म्हणजेच पिट्युटरी असते. तिच्यातील काही पेशी, तसेच मेंदूतील आणि त्वचेतील काही पेशी एक लांबलचक प्रथिन तयार करतात. त्याचे नाव प्रो-ओपिओमेलॅनोकॉर्टिन असे असून सोयीसाठी त्याला पीओएमसी म्हणतात. जपानमधील क्योतो येथे शिगेतादा नाकानिशी, शोसाकु नुमा व त्यांचे सहकारी यांनी १९७९ मध्ये गाईच्या पोषग्रंथीचा अभ्यास करून या प्रथिनाच्या रचनेचा उलगडा केला. हे प्रथिन म्हणजे कापडाचा तागा आहे. शिंप्याने एकाच ताग्यातून सदरा, टोपी आणि पिशवी बेतावी, त्याप्रमाणे पेशीतील विकरे या प्रथिनाचे ठरावीक जागी तुकडे करतात. पोषग्रंथीच्या पुढील भागात एसीटीएच नावाचा ३९ अमिनो आम्लांचा तुकडा बेतला जातो. तो मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल तयार करण्याचा आदेश देतो. मेंदूत आणि त्वचेत याच तुकड्याची आणखी कापणी होते आणि त्याच्या आरंभीची १३ अमिनो आम्ले वेगळी होतात. या तेरा मण्यांच्या माळेस अल्फा-एमएसएच म्हणतात. आपल्या कथेतील मुख्य निरोप्या तो हाच.

निरोप त्वचेला पोहोचतो तेव्हा

या निरोप्याचा पहिला माग बेडकांच्या पिलांत लागला. अमेरिकेत फिलिप स्मिथ आणि बेनेट ॲलन यांनी १९१६ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, भैरांच्या शरीरातून पोषग्रंथीचा प्रारंभिक भाग काढून टाकला. काळसर असणारी ही पिले फिकट, रुपेरी दिसू लागली. पोषग्रंथीतून रंगावर अंमल करणारे काहीतरी स्रवते, हे यावरून उघड झाले. ते "काहीतरी" शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची घडण ठरविण्याचे काम १९५० नंतरच्या दशकात झाले. येल विद्यापीठातील त्वचाविज्ञ आरन लर्नर यांचा त्यात मोठा वाटा होता.

माणसाच्या त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या अंगावर या पेशींची संख्या साधारणपणे सारखीच असते; फरक पडतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन तयार करतात यामुळे. उन्हातील अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशींना इजा झाली, की त्या अल्फा-एमएसएच सोडतात. तो मेलॅनोसाइटवरील पहिल्या क्रमांकाच्या ग्राहीत बसतो आणि तपकिरी-काळे मेलॅनिन तयार होऊ लागते. हे मेलॅनिन पेशींच्या केंद्रकांवर छत्रीसारखे पसरते व किरणांपासून त्यांचे रक्षण करते. ज्यांचा हा ग्राही जन्मतः दुबळा असतो, त्यांच्यात काळ्याऐवजी तांबूस-पिवळे मेलॅनिन अधिक बनते. युरोपातील पुष्कळ लोकांचे लाल केस आणि उन्हात भाजणारी त्वचा यांचे कारण हेच असल्याचे १९९५ मध्ये दिसून आले. तेव्हा सावळा रंग हे न्यून नसून ते शरीराने उन्हाविरुद्ध केलेले संरक्षण होय.

या निरोपाचा अतिरेक झाला तर काय होते, हे निरोप्याचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी एका वैद्याने पाहून ठेवले होते. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील टॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये एका रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. रोगी अशक्त होत जातो, त्याचे वजन घटते आणि त्याची त्वचा काशासारखी काळपट होते. अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्याचा हा परिणाम होता. त्यांच्या कित्येक रोग्यांत या ग्रंथी क्षयाने पोखरलेल्या होत्या. आज याचा अर्थ स्पष्ट आहे. ग्रंथींतून कॉर्टिसॉल येत नाही म्हणून पोषग्रंथी एसीटीएचचे आदेशावर आदेश पाठवीत राहते. त्या आदेशाच्या आरंभीचे तेरा मणी अल्फा-एमएसएचचेच असल्याने त्वचेतील कुलूपही त्याला प्रतिसाद देते. हिरड्या व तळहाताच्या रेषा काळ्या पडणे आणि सोबत थकवा, वजन घटणे व खारट खाण्याची ओढ ही लक्षणे दिसली, तर रुग्णास विलंब न करता रुग्णालयात पाठविले पाहिजे. क्षयाचे प्रमाण अद्याप मोठे असलेल्या आपल्या देशात याचा विसर पडता कामा नये.

पिवळ्या उंदराचे कोडे

येथवरची हकीकत रंगाची झाली. भुकेचा धागा तिला कसा जोडला गेला, याचे उत्तर एका उंदराने दिले. फ्रान्समधील नान्सी येथील प्राणिशास्त्रज्ञ ल्यूसियाँ क्वेनो हे विसाव्या शतकाच्या आरंभी उंदरांच्या रंगांची आनुवंशिकता अभ्यासीत होते. पिवळ्या उंदरांची शुद्ध पैदास कधीच होत नाही, असे त्यांना १९०५ मध्ये आढळले. पिवळेपणाचा घटक माता व पिता दोघांकडूनही मिळालेला गर्भ पोटातच दगावतो, हा खुलासा पुढे १९१० मध्ये झाला. या पिवळ्या उंदरांची आणखी एक खोड पाळणाऱ्यांच्या नजरेत भरे. तरुणपणी ते इतरांसारखेच असत, परंतु वय वाढेल तसे अतोनात लठ्ठ होत. पिवळा रंग आणि लठ्ठपणा एकाच घटकाबरोबर का यावा, हे कोडे पुढे ऐंशीहून अधिक वर्षे सुटले नाही.

१९९२ मध्ये अमेरिकेतील ओक रिज येथील शास्त्रज्ञांनी हा घटक, म्हणजे अगूटी नावाचे जनुक, वेगळा केला. रानातल्या उंदराचा किंवा सशाचा एखादा केस नीट न्याहाळला, तर काळ्या केसावर टोकापाशी एक पिवळा पट्टा दिसतो. त्या पट्ट्यामुळेच या प्राण्यांना धुळीचा रंग येतो. केस वाढत असताना अगूटी जनुक काही दिवसच त्वचेत जागे होते आणि एक प्रथिन सोडते. त्या काळात काळ्याऐवजी पिवळे रंगद्रव्य बनते. पिवळ्या उंदरात जनुकमालिकेचा एक तुकडा गळालेला असल्यामुळे या जनुकावरचा लगाम सुटतो आणि ते सर्व शरीरात सदासर्वकाळ चालू राहते.

त्याच वर्षी अमेरिकेतील पोर्टलंड येथे रॉजर कोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेतील पहिला ग्राही ओळखला. पाठोपाठ याच कुटुंबातील आणखी ग्राही सापडले; त्यांची एकूण संख्या पाच आहे. त्यांपैकी चौथा ग्राही मेंदूत असतो. १९९४ मध्ये असे दिसून आले, की अगूटी प्रथिन पहिल्या आणि चौथ्या या दोन्ही कुलुपांत अडकून बसते आणि खऱ्या किल्लीची वाट अडविते. त्वचेतील कुलूप अडले म्हणून उंदीर पिवळा आणि मेंदूतील कुलूप अडले म्हणून तो लठ्ठ! १९९७ मध्ये चौथा ग्राही नसलेले उंदीर मुद्दाम तयार करण्यात आले. ते अनावर खाऊन लठ्ठ झाले. त्यांच्या केसांचा रंग मात्र बदलला नाही. कोडे पुरते सुटले.

मेंदूतील तराजू

या शोधामुळे भूक ही केवळ रिकाम्या पोटाची हाक नाही, हे सिद्ध झाले. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमस या भागात दोन प्रकारच्या चेतापेशी शेजारी शेजारी असतात. एक प्रकार अल्फा-एमएसएच सोडतो; तो चौथ्या ग्राहीत बसला की खाणे थांबते व शरीर अधिक ऊर्जा खर्च करते. दुसरा प्रकार अगूटीच्या जातीचेच एक पेप्टाइड सोडतो; ते तोच ग्राही अडविते आणि भूक वाढविते. तराजूच्या या दोन पारड्यांवर शरीरातील चरबीची नजर असते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांनी १९९४ मध्ये शोधलेले लेप्टिन हे प्रवर्तक मेदपेशींतून स्रवते आणि साठा पुरेसा असल्याची वर्दी मेंदूला देते. त्यामुळे तृप्तीचे पारडे जड होते. उपवासात लेप्टिन उतरते व भुकेचे पारडे जड होते. वजन कमी करू पाहणाऱ्यास काही दिवसांनी भूक अधिकच छळते, त्याच्यामागे ही यंत्रणा आहे.

ज्या मुलांना निरोप पोहोचत नाही

माणसात ही यंत्रणा बिघडल्याचा पुरावा १९९८ मध्ये जर्मनीतून आला. दोन मुलांमध्ये पीओएमसी जनुकच सदोष असल्याचे बर्लिनच्या संशोधकांना आढळले. तागाच नाही म्हटल्यावर त्यातून कापावयाचे कपडेही नाहीत. एसीटीएच नसल्याने मुलांना कॉर्टिसॉलची कमतरता होती, त्वचेतील निरोप नसल्याने त्यांचे केस लाल होते आणि मेंदूतील निरोप नसल्याने ती तान्हेपणापासून अतिशय स्थूल होती. उंदराने सांगितलेली हकीकत माणसाच्या शरीरात जशीच्या तशी वाचावयास मिळाली. अशी मुले फारच थोडी आढळतात. त्यांना कॉर्टिसॉलची पूर्ती वेळेवर केली नाही, तर ती लहानपणीच दगावू शकतात.

याहून अधिक आढळणारा दोष चौथ्या ग्राहीचा आहे. त्यात रंग बदलत नाही. मूल इतरांसारखेच दिसते, केवळ त्याची भूक शमत नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टॉल परिसरात जन्मापासून पाहणीत असलेल्या मुलांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३४० जणांमागे एकामध्ये हा ग्राही निकामी करणारा दोष आढळला. अशा मुलांचे वजन अठराव्या वर्षी इतरांपेक्षा सरासरी १७ किलोग्रॅमने अधिक होते. २०२२ मध्ये तर जर्मनीतील लाइपझिग येथे लाल केसांची एक अतिस्थूल मुलगी आढळली, जिच्यात अगूटीचेच मानवी जनुक दुसऱ्या जनुकाच्या ताब्यात जाऊन नको तेथे चालू राहिले होते. क्वेनो यांच्या पिवळ्या उंदराचे कोडे ११७ वर्षांनंतर मानवी रुग्णाच्या रूपाने पुन्हा समोर आले, असेच म्हणावे लागेल.

निरोप हरवला असेल, तर तो बाहेरून देता येईल काय? सेटमेलॅनोटाइड हे आठ अमिनो आम्लांचे कृत्रिम पेप्टाइड चौथ्या ग्राहीला चालना देते. अमेरिकेत २०२० च्या नोव्हेंबरमध्ये त्याला काही विशिष्ट जनुकदोषांपुरती मान्यता मिळाली. पीओएमसीच्या मार्गात दोष असलेल्या ज्या दहा रुग्णांवर त्याची चाचणी झाली, त्यांपैकी आठ जणांचे वजन एका वर्षात निदान शेकडा १० ने घटले. औषध घेणाऱ्यांची त्वचा मात्र काळवंडते, कारण ही किल्ली त्वचेतील पहिल्या कुलुपातही थोडीफार बसते. रंग आणि भूक यांचे नाते याहून स्पष्टपणे दाखविणारा दाखला मिळणे कठीण. हे औषध सर्वसामान्य लठ्ठपणावरचे नव्हे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

एका गैरसमजाबाबत सावधगिरी

वरील माहिती वाचून कोणी लाल केसांची मुले शोधू लागेल, तर ती चूक ठरेल. आपल्याकडे केस तांबूस व विरळ होण्याचे परिचित कारण कुपोषण हे आहे, आणि अंगणवाडी सेविका ते लक्षण चांगले ओळखतात. उलट, काळ्या केसांच्या समाजातील पीओएमसी-दोष असलेल्या काही मुलांचे केस लाल नसल्याचेही आढळले आहे. तसेच बहुसंख्य स्थूल मुलांत असा एकच ठळक जनुकदोष नसतो. अनेक जनुकांचा थोडा थोडा प्रभाव, तळलेले व गोड पदार्थ सहज हाताशी असणे, खेळ कमी होणे आणि झोप अपुरी मिळणे यांचा तो एकत्रित परिणाम असतो. आहार आणि व्यायाम यांचे महत्त्व त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. मात्र एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावंडांपैकी एकाला भूक आवरते आणि दुसऱ्याला आवरत नाही, तेव्हा दुसऱ्यास हावरट ठरविण्यापूर्वी थांबावयास हवे.

मानेवरचा काळा पट्टा

आता आरंभी उल्लेखिलेल्या काळ्या मानेकडे वळू. येथेही एक पेप्टाइडच काम करीत असते, परंतु ते वेगळे आहे. इन्शुलिन ही ५१ अमिनो आम्लांची, दोन सरांची माळ होय. शरीरात, विशेषतः पोटाभोवती, चरबी वाढली की इन्शुलिनला पेशींचा प्रतिसाद मंदावतो आणि स्वादुपिंड ते अधिकाधिक सोडू लागते. रक्तातील हे जादा इन्शुलिन त्वचेच्या पेशींना वाढीची चालना देते. परिणामी मानेची मागील बाजू, काखा व जांघा येथील त्वचा जाड, मखमलीसारखी आणि काळसर होते. हा मळ नाही आणि तो घासून जात नाही. दगडाने किंवा काथ्याने घासल्यास कातडीला इजा मात्र होते. वजन व इन्शुलिन आटोक्यात आले, की तो हळूहळू फिका पडतो. पुढे मधुमेह होण्याचा संभव आहे, अशी ती आगाऊ सूचना समजावी.

मुलीच्या बाबतीत तर या पट्ट्यावर गोरेपणाची मलमे चोळली जातात. वैद्यकीय सल्ल्यावाचून विकल्या जाणाऱ्या काही मलमांत स्टेरॉइड असते. ते त्वचा पातळ व नाजूक करते आणि मूळ कारण तसेच राहते.

आपण काय करू शकतो?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत २०१३ पासून वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत व शासकीय शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. शिक्षकांनी प्रत्येक मुलाची उंची व वजन यांची नोंद ठेवून ती पथकापुढे ठेवावी. पाच वर्षांच्या आत सुरू झालेली तीव्र स्थूलता, कधीही न शमणारी भूक, मानेवरील मखमली काळेपणा, किंवा वजन घटत असताना अंगाचा रंग काळवंडत जाणे, यांपैकी काही दिसल्यास ते पथकाच्या निदर्शनास आणावे व पालकांना आपुलकीने समजावून द्यावे. वर्गात सर्वांसमोर मुलाचे वजन पुकारणे, त्याला टोपणनाव पडू देणे किंवा मान घासून येण्याची शिक्षा देणे कटाक्षाने टाळावे. लाजविलेले मूल मैदानावर येत नाही, कोपऱ्यात एकटे बसते आणि त्याचे वजन आणखी वाढते.

पंचायत सदस्यांच्या हाती शाळेचे क्रीडांगण खेळण्याजोगे ठेवणे आणि शाळेच्या फाटकाशी विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणे या गोष्टी आहेत. ज्या मुलांचा निरोप वाटेत थोडा अडतो, त्यांना अशा परिसराचा आधार इतरांपेक्षा अधिक लागतो.

भैर, उंदीर आणि मूठभर दुर्मीळ रुग्ण यांच्या अभ्यासातून एवढे निश्चित झाले आहे, की रंग आणि भूक या दोन्ही गोष्टी पेशींनी पेशींना पाठविलेल्या निरोपांवर चालतात आणि हे निरोप कोणी आपल्या इच्छेने निवडलेले नसतात. पुढील तपासणीच्या दिवशी काळ्या मानेचे स्थूल मूल रांगेत उभे राहील, तेव्हा त्याला रागे न भरता पथकातील डॉक्टरांपर्यंत नेणारे शिक्षक गावोगावी असतील, तर प्रयोगशाळांतील या दीर्घ परिश्रमांचे फळ आपल्या मुलांपर्यंत पोहोचले, असे म्हणता येईल.